जवानाच्या घराने कॉलेज कसे निवडावे?



सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. लोक त्याला मिलिटरी अपशिंगे म्हणतात. पहिल्या महायुद्धात, म्हणजे १९१४ ते १९१८ या काळात, त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. गावात त्यांचे स्मारक आहे. आमचे गाव तेवढे नावाजलेले नाही. पण आमच्याही आळीत चार घरे ओलांडली की पाचव्या घरी भिंतीवर फौजी कपड्यातला फोटो दिसतो.

अशा गावात फौजेची माहिती सगळ्यांना असते. भरती कधी, सुट्टी किती, पेन्शन किती, हे म्हातारी माणसेसुद्धा सांगतात. पण जवानाला किंवा त्याच्या बायकोला पुढे शिकायचे असेल तर कॉलेज कोणते बघावे, हे विचारा. सगळे गप्प बसतात. नाहीतर जो तो वेगळेच सांगतो. म्हणून हा पाठ लिहिला आहे.

मी प्राथमिक शाळेत हेडमास्तर होतो. शिक्षण जुन्या अकरावीची मॅट्रिक, आणि त्यावर मास्तरकीची पदविका. विद्यार्थी म्हणून मी कॉलेजची पायरी कधी चढलो नाही. तेव्हा पुढे जे सांगणार आहे ते मला कॉलेजात कळलेले नाही. एका शिकू पाहणाऱ्या सुनेची तीन वर्षे फुकट गेली, त्यातून कळले. आणि त्यात चूक माझीही होती. ती आधी सांगतो.

दोनदा ठेच लागली

माझा एक जुना विद्यार्थी फौजेत हवालदार आहे. त्याचे लग्न झाले. मुलगी बारावी चांगल्या गुणांनी पास होती. तिला पुढे शिकायचे होते. घरच्यांनी मला विचारले. मी म्हणालो, "विचार कसला करता? तालुक्याच्या कॉलेजात नाव घाला."

नाव घातले. फी भरली. चार महिने ती एस.टी.ने जाऊन येऊन शिकली. तेवढ्यात हवालदाराला झाशीला क्वार्टर मिळाले. नव्या संसाराला दोघे एकत्र राहणार नाहीत तर कधी राहणार? ती झाशीला गेली. इकडे कॉलेजात हजेरी भरली नाही. परीक्षेला बसता आले नाही. वर्ष गेले, फीही गेली. मी सल्ला दिला, पण "बदली झाली तर काय?" हा प्रश्न विचारलाच नव्हता. शाळामास्तराला एका जागी राहायची सवय. त्यामुळे सगळे जग एका जागी राहते असे मला वाटले.

दुसरी ठेच याहून मोठी. झाशीला बाजारात एक एजंट भेटला. "घरबसल्या एका वर्षात बी.ए., परीक्षेची कटकट नाही." त्याने ३५ हजार रुपये घेतले. एक वर्ष म्हणता म्हणता दोन गेली. मग सोनेरी शिक्क्याचा कागद आला. पुढे ती गावी आली, तेव्हा एका पतसंस्थेत कारकुनाची जागा निघाली होती. तिने तो कागद अर्जाला जोडला. तिथल्या साहेबांनी चौकशी केली आणि कागद परत दिला. म्हणाले, "वहिनी, हे विद्यापीठ कुठल्याच यादीत नाही. हा कागद पुन्हा कुठं दाखवू नका."

पुढच्या मे महिन्यात हवालदार सुट्टीवर आला. दोघे माझ्या ओसरीवर आले. तिच्या हातात आणखी एका संस्थेचा रंगीत कागद होता.

"गुरुजी, आता तुम्हीच सांगा," ती म्हणाली.

"अगं पोरी, मागच्या खेपेला मीच सांगितलं होतं. त्याचं काय झालं ते ठाऊक आहे ना?"

"म्हणून तर तुमच्याकडं आले. चूक कुठं झाली ते तुम्हाला आता कळलंय."

यावर मी काय बोलणार? मी आठ दिवसांची मुदत मागितली. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. मुक्त विद्यापीठाच्या केंद्रावर गेलो. नातवाला मोबाईलवर माहिती काढायला लावले. त्यातून चार प्रश्न निघाले. ते चार प्रश्न तुम्हीही पाठ करा. पैसे भरण्याआधी विचारा. पैसे भरल्यावर विचारून उपयोग नाही.

पहिला प्रश्न : शिकायचे कशासाठी?

नुसते "पदवी पाहिजे" म्हणू नये. कोणत्या कामासाठी पाहिजे ते ठरवावे. पोलीस शिपायाच्या भरतीला बारावी पुरते. तलाठ्याच्या जागेला, म्हणजे आता ज्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्या जागेला, पदवी लागते. मात्र कोणत्याही शाखेची चालते. शिक्षिका व्हायचे तर शिक्षणशास्त्राचा अभ्यासक्रम लागतो. नर्स व्हायचे तर नर्सिंगचा लागतो. काम ठरले की अर्धी वाट सापडते.

कित्येक अभ्यासक्रम घरी बसून करताच येत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. डॉक्टरकी, नर्सिंग, इंजिनिअरिंगची पदवी, फिजिओथेरपी, वकिलीची पदवी, हे सारे कॉलेजात हजर राहूनच करावे लागते. "घरबसल्या नर्सिंगची पदवी" असे कोणी म्हणाला तर पुढे ऐकायचे कारण नाही. तो फसवतो आहे असे खुशाल समजा.

आमच्या सूनबाईला सरकारी किंवा पतसंस्थेतली बैठी नोकरी पाहिजे होती. त्याला बी.ए. पुरेशी होती.

दुसरा प्रश्न : पदवी देण्याचा हक्क आहे का?

आपल्या देशात पदवी कोणीही देऊ शकत नाही. १९५६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा झाला. या आयोगालाच यू.जी.सी. म्हणतात. केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने झालेले विद्यापीठ, आयोगाच्या सल्ल्याने केंद्र सरकारने अभिमत दर्जा दिलेली संस्था, किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था, एवढ्यांनाच पदवी देता येते. बाकीच्यांचा कागद कितीही जाड असो, तो पदवी नव्हे.

एजंट लोक म्हणतात, "आमची संस्था गव्हर्नमेंट रजिस्टर्ड आहे." ते खरेही असेल. पण भजनी मंडळसुद्धा रजिस्टर होते. म्हणून काय भजनी मंडळाने बी.ए.ची पदवी द्यावी? संस्था नोंदणे वेगळे आणि पदवी देण्याचा हक्क असणे वेगळे.

मग ओळखायचे कसे? यू.जी.सी. आपल्या संकेतस्थळावर खऱ्या विद्यापीठांची यादी देते. बोगस विद्यापीठांचीही यादी देते. पत्राने किंवा ऑनलाइन शिकवणाऱ्या संस्थांची यादी निराळी असते. त्या यादीत विद्यापीठाचे नुसते नाव पाहू नका. आपला अभ्यासक्रम आणि आपले वर्ष त्यात आहे का तेही पाहा. विद्यापीठ खरे असते, पण एखाद्या अभ्यासक्रमाला दूरशिक्षणाची परवानगी नसते, असेही होते. शिवाय बी.एड.ला एन.सी.टी.ई. या संस्थेची, नर्सिंगला नर्सिंग कौन्सिलची, वकिलीला बार कौन्सिलची मान्यता लागते.

स्वतःला मोबाईलवर बघता येत नसेल तर घरातल्या शिकत्या मुलाला बसवा. पण एजंटाच्या मोबाईलवर बघू नका. २०२४ पासून दूरशिक्षणाला नाव घालताना डी.ई.बी. आयडी नावाचा क्रमांक विद्यार्थ्याला काढावा लागतो. तो स्वतः काढा. मोबाईलवर आलेला ओ.टी.पी. दुसऱ्याला सांगू नका.

पुष्कळ लोक विचारतात, "घरी शिकून मिळवलेली पदवी कमी दर्जाची नाही ना?" तसे नाही. मान्यता असलेल्या विद्यापीठाची दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीबरोबरीची धरावी, असे यू.जी.सी.ने २०२२ साली पुन्हा स्पष्ट केले आहे.

तिसरा प्रश्न : बदली झाली तर शिक्षण बरोबर येईल का?

हा प्रश्न शेतकऱ्याला पडत नाही, दुकानदाराला पडत नाही. जवानाच्या घराला पडतो. दोन-तीन वर्षे पीस स्टेशनला काढली की हुकूम येतो. फिल्डला गेले तर बायकामुलांना बरोबर नेता येत नाही. मग घरवाली गावी येते. पुन्हा क्वार्टर मिळाले की पुन्हा बोचके बांधायचे. कॉलेज मात्र बोचक्यात बांधता येत नाही. म्हणून निवडतानाच पाहावे.

तीन वाटा आहेत.

एक वाट नेहमीच्या कॉलेजची. तिथे वर्ग असतात, मैत्रिणी असतात, मास्तर समोर असतात. ती वाट चांगलीच. पण हजेरी लागते. ज्या सूनबाईने सासरी किंवा माहेरी एका जागी तीन-चार वर्षे राहायचे ठरवले आहे, तिने ही वाट धरावी. नर्सिंगसारख्या शिक्षणाला तर हीच वाट आहे. नवऱ्याला पीस स्टेशन मिळाले असेल तर तिथे पोचल्याबरोबर चौकशी करा. अर्धी मुदत संपल्यावर नाव घालू नका. आणि मध्येच दुसऱ्या विद्यापीठात जावे लागले तर झालेला अभ्यास तिथे धरतील का, हे आधीच लेखी विचारून ठेवा.

दुसरी वाट यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची. हे विद्यापीठ १९८९ साली नाशिकला स्थापन झाले. मराठीतून शिकता येते, हा त्याचा मोठा गुण. पण ते आपल्या राज्याचे विद्यापीठ आहे. त्याची केंद्रे महाराष्ट्रात. तुम्ही राजस्थानात किंवा आसामात असाल तर परीक्षेला इकडे यावे लागेल. जी बाई गावीच राहणार, तिला ही वाट सोयीची.

तिसरी वाट इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची. त्याला इग्नू म्हणतात. संसदेच्या कायद्याने ते १९८५ साली झाले. त्याची केंद्रे देशभर आहेत. परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरमध्ये. परीक्षेचा अर्ज भरताना जवळचे केंद्र मागता येते. बदली झाली तर अर्ज करून अभ्यासकेंद्र बदलता येते. तीन वर्षांची बी.ए. सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते. एखादे वर्ष बाळंतपणात गेले, एखादे बदलीत गेले, तरी सगळे बुडत नाही. अडचण एकच. शिकायचे ते बहुतेक हिंदीतून किंवा इंग्रजीतून.

इथे आमची सूनबाई अडली. म्हणाली, "गुरुजी, हिंदीतून जमेल का?"

मी म्हणालो, "झाशीला भाजी कोणत्या भाषेत घेत होतीस?"

"भाजी घेणं निराळं आणि पेपर लिहिणं निराळं."

तिचे खरे होते. मग आम्ही एक केले. इग्नूची पुस्तके ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. नातवाने एक धडा काढून दिला. ती तो घेऊन गेली. चार दिवसांनी हिंदीत दोन पाने उत्तर लिहून आली. काही जागी मराठी शब्द घुसले होते. पण मजकूर कळत होता. पैसे भरण्याआधी आपली ताकद अशी अजमावून पाहावी. तिला फार जड गेले असते तर मी मराठीची वाट धर म्हणालो असतो. मग परीक्षेला गावी येण्याचा खर्च सोसावा लागला असता. प्रत्येक वाटेला काही सोडावे लागते. काय सोडायचे ते आपण ठरवावे, बदलीच्या हुकमाने ठरवू नये.

चौथा प्रश्न : पैसे कोणाला द्यायचे आणि मदत कोणाची?

फी विद्यापीठाच्या नावाने भरावी. माणसाच्या हातात देऊ नये. पावती घ्यावी. पावतीवरचे नाव वाचावे. वाचता येत असूनही पुष्कळ लोक पावती तशीच खिशात घालतात.

मदतीबद्दल दोन गोष्टी सांगतो. केंद्रीय सैनिक बोर्डाची पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे. ती माजी सैनिकांच्या मुलांसाठी आणि सैनिकांच्या विधवांसाठी आहे, आणि तीही इंजिनिअरिंग, नर्सिंग, बी.एड. अशा व्यावसायिक शिक्षणासाठी. नोकरीत असलेल्या जवानाच्या बायकोला ती मिळत नाही. फौजेचे नाव दिसले की सगळे सगळ्यांना मिळते असे समजू नये. पुण्यातील दिघी येथे आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे; ती १९९४ साली सुरू झाली. तिथला प्रवेशही लष्करी माणसांच्या मुलामुलींसाठी आहे. आपल्याला काय लागू आहे ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे. रकमा आणि अटी बदलतात. म्हणून पारावर ऐकू नका, कार्यालयात ऐका.

कागदांचीही तयारी हवी. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, दुसऱ्या विद्यापीठात जायचे तर मायग्रेशन सर्टिफिकेट. लग्न झालेल्या बाईची आणखी एक अडचण असते. गुणपत्रिकेवर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे. म्हणून लग्नाचा दाखला काढून ठेवा. नवऱ्याच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये लग्नाची नोंद आणि नाव बरोबर आहे का ते पाहा. एक वेलांटी चुकली तरी पुढे हेलपाटे पडतात.

आता जवानासाठी

आतापर्यंत बायकोचे बोललो. पण जवानालाही पुढचे आयुष्य आहे. शिपाई म्हणून भरती झालेला माणूस पस्तिशी-चाळिशीत पेन्शनवर येतो. पुढची वीस वर्षे काय करायचे? शिक्षण असेल तर वाट मोठी होते.

जवानाने नाव घालण्याआधी युनिटमधल्या साहेबांची परवानगी घ्यावी. युनिटमध्ये शिक्षण खात्याचा माणूस असतो, त्याला भेटावे. दहावी-बारावी राहिली असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. तिला एन.आय.ओ.एस. म्हणतात. गावाकडच्या माणसाला आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्मही आहे.

एक गैरसमज दूर करतो. आमचा हवालदार म्हणाला, "गुरुजी, पंधरा वर्षं झाली की आम्हाला ग्रॅज्युएशनचा कागद मिळतो. मग मी कशाला शिकू?" तो कागद खोटा नाही. मॅट्रिक झालेल्या, सैन्याचा विशेष शिक्षण दाखला असलेल्या आणि १५ वर्षे नोकरी केलेल्या माजी सैनिकाला केंद्र सरकारच्या गट 'क'च्या काही जागांसाठी पदवीधराप्रमाणे पात्र धरतात. जिथे तांत्रिक अनुभवाची अट नाही अशा त्या जागा. पण ही नोकरीपुरती सवलत झाली. ती विद्यापीठाची पदवी नव्हे. एम.ए.ला किंवा बी.एड.ला जायचे तर पदवीच लागते.

२०२२ साली अग्निपथ योजना सुरू झाली. तिच्यात अग्निवीर चार वर्षे नोकरी करतो. त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढे कायम ठेवतात. बाकीचे पंचविशीच्या आतबाहेर घरी येतात. त्यांच्यासाठी इग्नूची तीन वर्षांची खास पदवी ठरवली आहे. तिच्यातले निम्मे गुणांक फौजेतल्या प्रशिक्षणाचे धरतात, निम्मे अभ्यासाचे. दहावी झालेल्यांना बारावी करण्याची सोय एन.आय.ओ.एस.तर्फे आहे. ज्यांची मुले अग्निवीर आहेत त्यांनी मुलाला पत्रात, फोनवर हे विचारावे. चार वर्षे पाहता पाहता जातात.

पुढे काय झाले

सूनबाईने इग्नूत बी.ए.ला नाव घातले. फी भरायच्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "पोराला मी सांभाळते. पण पैसा आता वाया जाता कामा नये." या सासूबाई आमच्याच साक्षरता वर्गात दोन वर्षांपूर्वी लिहावाचायला शिकल्या. पावती हातात आली तेव्हा त्यांनी ती सुनेकडून घेतली. ओसरीवर बसून एकेक अक्षर लावत विद्यापीठाचे नाव मोठ्याने वाचले. मग म्हणाल्या, "हां, हे तेच नाव. ठेव डब्यात."

सहा महिन्यांनी हवालदाराची बदली फिल्डला झाली. सूनबाई गावी आहे. या वेळी शिक्षण बुडाले नाही. गृहपाठ वेळेवर जातात. गृहपाठाला ३० टक्के आणि परीक्षेला ७० टक्के वजन असते, म्हणून गृहपाठ चुकवून चालत नाही. पहिल्या वर्षाचे एक पत्र अवघड गेले, ते पुन्हा द्यायचे आहे. फुकट गेलेली तीन वर्षे परत आली नाहीत, ती येणारही नाहीत. पण येत्या डिसेंबरच्या परीक्षेचा अर्ज तिने स्वतः भरला.

तिने तो जुना रंगीत कागद टाकून दिला नाही. त्याच्या कोऱ्या बाजूला चार प्रश्न लिहून भिंतीला लावले आहेत. आळीतल्या दोन मुलींनी ते उतरवून नेले. तुम्हीही उतरवून घ्या :

१. कशासाठी शिकायचे?

२. पदवी देण्याचा हक्क आहे का?

३. बदली झाली तर शिक्षण बरोबर येईल का?

४. पैसे कोणाच्या नावाने भरायचे, आणि पावती वाचली का?

ज्या मास्तराने हे न विचारता एकदा सल्ला दिला, त्याच मास्तराचे हे सांगणे आहे.